फुलाचे नाव विचारता, तसे त्याचे वयही विचारा

संपादक महोदय,

फुलांच्या ॲलर्जीविषयी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांतून जो सल्ला दिला जातो, त्यात फुलाचे नाव असते, ऋतू असतो, रुग्णाचे वय असते. पण फुलाचे वय कधीच नसते. हातात घेतलेली पाकळी त्याच सकाळी उमललेली होती, पाण्यात राहून आठ दिवसांची झाली होती, की सुकून तिचा चुरा होत होता, हे कोणी विचारत नाही आणि म्हणून कोणी सांगतही नाही. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवल्यामुळे मला ही उणीव खटकते. कळी, उमललेले फूल आणि वाळलेले फूल या रासायनिक दृष्टीने जवळजवळ तीन निरनिराळ्या वस्तू असतात. त्वचेची गाठ पडते ती यांपैकी एखाद्या वस्तूशी, आणि आपण मात्र तिघींना एकाच नावाने हाक मारून मोकळे होतो.

मला हे उशिरा उमगले, तेही दुसऱ्याच्या त्रासातून. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विच्छेदनासाठी दर सोमवारी शेवंतीची ताजी फुले येत आणि आठवडाभर काचेच्या बरणीत पाण्यात राहत. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा साहाय्यक बाई बरण्या रिकाम्या करीत. तोवर बाहेरच्या पाकळ्या तपकिरी पडलेल्या असत. टेबलावर गळून सुकलेल्या पाकळ्या त्या तळहाताने एका कडेला सारत, मुठीत घेत, आणि मूठ उघडली की बोटांच्या पेरांना करड्या पिठासारखी भुकटी चिकटलेली दिसे. सोमवारी सकाळी त्यांच्या बोटांना खाज सुटलेली असे, मंगळवारपर्यंत पापण्या सुजत. सोमवार म्हणजे ताजी फुले, तेव्हा दोष ताज्या फुलांचा, असे समीकरण आम्ही सर्वांनी मांडले आणि ते मांडणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते. ताजी फुले हाताळण्याचे काम आम्ही त्यांच्याकडून काढून घेतले आणि त्याची भरपाई म्हणून आवराआवरीचे सगळे काम त्यांच्याकडे सोपवले. पुढच्या महिनाभरात चट्टे मनगटापर्यंत चढले.

शेवटी बाई एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. तज्ज्ञांनी सोमवारच्या फुलांची चौकशीच केली नाही. “खाज सुटण्याच्या आधी दोन दिवस हातात काय होतं?” एवढेच विचारले. त्या प्रश्नाने आमचे समीकरण जागच्या जागी कोसळले.

फुलांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची घड्याळे वेगवेगळी चालतात. एका प्रकारात शरीराने आधीच तयार करून ठेवलेली प्रतिपिंडे काही मिनिटांत कामाला लागतात; शिंका येतात, डोळ्यांना पाणी सुटते, अंगावर पित्त उठते. दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडांचा संबंध नसतो. रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशी त्या पदार्थाला ओळखून त्वचेत गोळा होतात, आणि या सगळ्याला साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. हाच विलंब ध्यानात घेऊन पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थ लावून पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तास ठेवतात, त्या काढल्यावर एकदा आणि पुन्हा, पट्ट्या लावल्यापासून 72 किंवा 96 तासांनी, त्वचा तपासतात. फूल हाताळणाऱ्यांच्या बोटांवर आणि मनगटांवर येणारे चट्टे बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. सोमवारच्या खाजेचा हिशेब म्हणून शनिवारपासून मांडायला हवा, आणि शनिवारी बाईंच्या हातात होती ती आठवड्याची, वाळलेली फुले. पुढे केलेल्या पॅच टेस्टमध्ये त्यांना सेस्क्विटर्पिन लॅक्टोन गटाच्या पदार्थांची ॲलर्जी असल्याचे निष्पन्न झाले.

सेस्क्विटर्पिन लॅक्टोन हे नाव अवघड असले तरी ते सोडून पुढे जाता येत नाही. शेवंती, डेझी, सूर्यफूल आणि कुप्रसिद्ध गाजरगवत ही सारी ज्या कुळातली, त्या कुळाचे हे खास रसायन. यांतल्या अनेक रेणूंच्या एका टोकाला असा भाग असतो, की तो त्वचेतल्या प्रथिनांमधील गंधकयुक्त गटाला घट्ट चिकटतो. असे चिकटून बदललेले प्रथिन शरीराला परके वाटू लागते आणि ॲलर्जीची सुरुवात तिथे होते. फुलाच्या वयाशी याचा संबंध असा, की हे पदार्थ सुगंधी तेलांसारखे सहजासहजी उडून जात नाहीत. पाकळी वाळते तेव्हा तिच्यातले पाणी जाते, सुवास जातो, रंग उतरतो. हे मात्र मागे राहतात. ताज्या पाकळीच्या वजनात सिंहाचा वाटा पाण्याचाच असतो, त्यामुळे ते आटल्यावर उरलेल्या चिमूटभर द्रव्यात यांचे प्रमाण वजनाच्या मानाने वाढलेले असते. शिवाय वाळलेल्या पाकळीचा भुगा होतो, भुगा उडतो आणि जिथे फूल कधी टेकलेही नाही अशा पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या वळणात जाऊन बसतो. गाजरगवताच्या बाबतीत हवेतून पसरणारा असा त्वचादाह वैद्यकात चांगला परिचित आहे आणि त्यात वाळलेल्या झाडाची धूळ हा मोठा दोषी मानला जातो. “वाळून गेलेल्या फुलात काय उरलंय?” असे आपण सहज म्हणतो, निदान या कुळापुरते ते वाक्य जपून वापरावे.

इथे एक शिक्षकी खोड पुरवून घेते. शेवंतीची पाकळी म्हणून आपण जी उपटतो ती पाकळी नसते, ते एक पूर्ण फूल असते. शेवंतीचे किंवा सूर्यफुलाचे ‘फूल’ म्हणजे शेकडो लहान फुलांचा मेळावा. कडेची फुले जिभेसारखी लांबट, मधली नळीसारखी, आणि मधली उमलतात ती बाहेरून आत, रांगेमागून रांग, कित्येक दिवस. एकाच बोंडात त्यामुळे एकाच वेळी म्हातारी, तरुण आणि अजून न जन्मलेली फुले नांदत असतात. पायरेथ्रम हे कीटकनाशक देणाऱ्या, याच कुळातल्या फुलांचे उत्पादक ही गोष्ट पुरती ओळखून असतात. मधल्या फुलांच्या बाहेरच्या तीन-चार रांगा उमलल्या की तोडणी करायची, कारण कीटकनाशक द्रव्याचा उतारा तेव्हा उत्तम मिळतो, हा त्यांचा दंडक आहे. फुलाचे वय रांगा मोजून ठरवणारा शेतकरी एकीकडे, आणि रुग्णाच्या कागदावर नुसते ‘फुलांची ॲलर्जी’ असे लिहिणारे आपण दुसरीकडे!

पण शेवंतीवरून सगळ्या फुलांना एकच नियम लावणे ही आमच्या सोमवारच्या समीकरणासारखीच चूक होईल. पाकळी म्हातारी होते म्हणजे काय होते, ते थोडे जवळून पाहावे लागते. कोमेजणे म्हणजे केवळ पाणी आटणे, ही समजूत अपुरी आहे. कोमेजणे हा पाकळीचा आखीव कार्यक्रम असतो. कार्नेशनसारख्या फुलांत इथिलीन वायू त्याची घंटा वाजवतो आणि पाकळ्या आतल्या बाजूला वळू लागतात. काही ऑर्किडमध्ये परागीभवन झाल्याबरोबर हा कार्यक्रम सुरू होतो, कारण कीटकांना बोलावण्याचे काम संपलेले असते. पहाटे उमलणारे मॉर्निंग ग्लोरीचे फूल तर एका दिवसात बालपण ते वार्धक्य उरकून घेते. या काळात प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइमे) वाढतात, प्रथिनांचे तुकडे होतात, त्यांतला नायट्रोजन झाड परत ओढून घेते, पेशींची आवरणे पाझरू लागतात आणि अखेरीस पेशीच्या मध्यभागी पाण्याच्या पिशवीसारखी असलेली रिक्तिका फुटते. तिच्यात साठवलेले सारे काही पेशीभर पसरते. ॲलर्जीच्या दृष्टीने मला ही शेवटची घटना सर्वांत अर्थपूर्ण वाटते, आणि ती का, ते ट्युलिप पाहिले म्हणजे कळते.

ट्युलिप आणि लिलीसारखे दिसणारे ॲल्स्ट्रोमेरिया हे फूल यांच्यात ट्युलिपोसाइड नावाचा पदार्थ असतो. तो ज्या रूपात साठवलेला असतो, ते रूप झाडाला स्वतःला सोसण्याजोगे असते. पदार्थ रिक्तिकेत आणि त्याचे रूपांतर करणारे विकर पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात, अशी विभागणी असते. कप्पे शाबूत आहेत तोवर दोघांची भेट होत नाही. पेशी चिरडली, कापली, तुटली की भेट होते आणि ट्युलिपॅलिन तयार होते. ते बुरशीला मारक असते, म्हणजे झाडासाठी ते जखमेवरचे औषध. माणसाच्या त्वचेत मात्र तेच ॲलर्जीला कारण ठरते. ट्युलिपचे कंद आणि ॲल्स्ट्रोमेरियाचे देठ रोज हाताळणाऱ्यांच्या बोटांची टोके सोलवटतात, भेगाळतात. या विकाराला ‘ट्युलिप फिंगर्स’ असे नावच पडलेले आहे. इथे पाकळीच्या वयापेक्षा तिची अवस्था मोठी: ती अखंड आहे की दुखावलेली? चुरगळलेली ताजी पाकळी आणि तिच्याशेजारची न दुखावलेली ताजी पाकळी यांचा जन्म एकाच सकाळचा असला, तरी त्वचेच्या लेखी त्या समवयस्क नसतात. त्याच वेळी उलट बाजूही पाहायला हवी. असा क्रियाशील रेणू फुटलेल्या पेशीत मोकळा झाला, की पेशीतल्याच गंधकयुक्त रेणूंशी त्याची सांगड बसू शकते, आणि ज्याची सांगड तिथे बसली, तो त्वचेला चिकटायला मोकळा राहत नाही. म्हणून ‘फूल जितके जुने तितके घातक’ असा सरसकट नियम मी लिहिणार नाही आणि आपणही छापू नये.

वयाबरोबर ॲलर्जी एकाच दिशेने जात नाही, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला पाकळीत सापडले नाही, ते सापडले सफरचंदात. सफरचंद साठवून ठेवले असता त्यातले एक ॲलर्जीकारक प्रथिन वाढते, तर दुसऱ्याचे प्रमाण साठवणीत घटते. म्हणजे फळ एक, साठवण एक, आणि या प्रथिनांपैकी एकेकाची ॲलर्जी असणाऱ्या दोन रुग्णांना सोसेल ते सफरचंद मात्र वेगवेगळ्या वयाचे. फळांच्या बाबतीत हा विचार संशोधकांनी कधीच सुरू केला आहे. फुलांच्या बाबतीत आपण अजून नावावरच थांबलो आहोत.

सुवासाची कथा आणखी निराळी आहे. पाकळीतून येणारा सुवास हा अनेक उडनशील पदार्थांचा मेळ असतो आणि तो वयाप्रमाणे बदलतो. स्नॅपड्रॅगनच्या फुलाचा दरवळ उमलल्यानंतर काही दिवस चढत जातो आणि पुढे, विशेषतः परागीभवनानंतर, ओसरतो. या सुवासांतले लिनालूल हे द्रव्य ताजे, शुद्ध असताना त्वचेला फारसे छळत नाही. हवेशी दीर्घकाळ संपर्क आला की त्यापासून हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात आणि ती प्रभावी ॲलर्जीकारक असतात. लव्हेंडरच्या तेलातही हेच घडते. म्हणून पॅच टेस्टसाठी आता मुद्दाम ऑक्सिडीकरण झालेले लिनालूल वापरले जाते. तथापि ही गोष्ट बाटलीतल्या तेलाची आहे, डहाळीवरच्या पाकळीची नाही, हे भान सुटता कामा नये. डहाळीवरचे फूल सुवास रोज नव्याने घडवते आणि हवेत सोडून देते. बाटलीत तो वर्षानुवर्षे अडकून पडतो आणि दर वेळी झाकण उघडले की त्यात थोडी हवा शिरते. फुलाने त्रास होत नाही आणि त्याच फुलाच्या अर्काने होतो, असे सांगणाऱ्या रुग्णाकडे संशयाने पाहण्यापूर्वी बाटली केव्हा उघडली होती, ते विचारावे.

परागांविषयी थोडक्यात. पाकळीत पराग नसतात, ते परागकोशात तयार होतात आणि पाकळीवर नुसते सांडतात. नुकत्याच उमललेल्या लिलीचे परागकोश बंद असतात, ते फुटल्यावरच केशरी भुकटी पाकळीला माखते. म्हणून फुलांची सजावट करणारे जाणकार ते फुटण्याआधीच चिमटीने काढून टाकतात. कीटकांच्या साहाय्याने परागीभवन होणाऱ्या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, फार दूर उडत नाहीत, आणि गवतांचे किंवा बर्चसारख्या वृक्षांचे हलके पराग जे शिंकांचे थैमान घालतात, त्याचे खापर पुष्कळदा त्याच दिवसांत डोळ्यांना दिसणाऱ्या रंगीत फुलांवर फुटते. परागांनाही वय असते. बर्चच्या परागातले मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन पराग पक्व होण्याच्या अखेरच्या टप्प्यात साठते. संशय किती दूर नेऊ शकतो याचा एक दाखला मजेदार आहे. 1886 मध्ये जॉन नोलंड मॅकेन्झी या अमेरिकन डॉक्टरांनी, गुलाबाने शिंका येतात अशी तक्रार असणाऱ्या एका बाईंसमोर कृत्रिम गुलाब धरला आणि त्यांना खरोखरच तो त्रास सुरू झाला. त्या गुलाबाला वयच नव्हते! त्या बाई ढोंगी होत्या, असा याचा अर्थ मी लावत नाही. तेवढ्यावरून सर्व तक्रारी मनाचे खेळ ठरवणारे लोक भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

जुन्या फुलाच्या बाबतीत आणखी एक भिडू येतो, बुरशी. म्हाताऱ्या पाकळीची आवरणे पाझरू लागली की साखर आणि ओलावा पृष्ठभागावर येतो आणि बोट्रिटिस ही करडी बुरशी तिथे मुक्काम करते. सुरुवातीला पाकळीवर पाण्याच्या थेंबाएवढे फिकट ठिपके दिसतात, दोन दिवसांत त्यांवर धुळकट लव चढते, आणि फूल हलवले की तिचे बीजाणू उडतात. ते श्वासावाटे गेले तर संवेदनशील माणसाला शिंका आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. अशा वेळी त्या व्यक्तीच्या त्वचेची चाचणी ताज्या पाकळीने केली, तर ती नकारार्थी येणार आणि त्या व्यक्तीला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असे सांगून घरी पाठवले जाणार. दोष ज्याचा, तो चाचणीला हजरच नव्हता.

रसायनांच्या या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट निसटते, आणि माझ्या मते ती तितकीच मोलाची आहे. फुलाचे वय बदलले की माणसाचे त्याच्याशी वागणेही बदलते. ताजे फूल आपण पाहतो, फार तर देठाला धरून हुंगतो. शिळे फूल आपण खुडतो, मुरगळतो, मुठीत धरून टाकून देतो. प्रिम्युला ऑबकोनिका या शोभेच्या झाडाची ॲलर्जी याचा उत्तम नमुना आहे. तिला कारणीभूत असणारे प्रिमिन हे द्रव्य पाने, देठ आणि फुलाखालची हिरवी निदले यांच्यावरच्या बारीक केसांत असते, आणि अंगठा आणि तर्जनी यांवर जे चट्टे उठतात ते वाळलेली फुले खुडताना या केसांना बोटे लागल्यामुळे. कोणी वरवर पाहिले तर म्हणेल, जुन्या पाकळ्यांनी घात केला. पाकळी बिचारी निर्दोष होती. तिच्या म्हातारपणाने आपला हात देठापर्यंत नेला, इतकेच.

माझी आपल्या सदरलेखकांना विनंती अशी, की ‘फुलांपासून दूर राहा’ असा सल्ला छापताना कोणत्या अवस्थेतल्या फुलापासून आणि फुलाच्या कोणत्या भागापासून, हेही लिहावे. ज्यांना त्रास होतो त्यांनी डॉक्टरांकडे जाताना चट्टे उठण्याच्या आधीचे तीन दिवस आठवून, हातात आलेले प्रत्येक फूल कळी होते, उमललेले होते, कोमेजलेले होते की वाळलेले, हे कागदावर टिपून न्यावे, आणि शक्य असल्यास तेच फूल त्याच अवस्थेत कागदी पाकिटात घालून न्यावे. घरच्या घरी दंडावर पाकळी चिकटवून ‘चाचणी’ करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण आधी नसलेली ॲलर्जी अशा प्रयोगाने नव्याने जडू शकते. हातमोज्यांविषयीही एक ओळ छापली जावी: ॲल्स्ट्रोमेरियातले ट्युलिपॅलिन विनाइलच्या हातमोज्यांतून पार होते, नायट्राइलचे हातमोजे त्याला अडवतात. मोजे घातले होते, तरी बोटे सोलवटली, अशी तक्रार करणाऱ्याला आपण खोटे ठरवतो; चूक मोज्याच्या जातीची असते.

आमच्या साहाय्यक बाईंचे काम आम्ही या वेळी बदलले नाही, त्याची वेळ बदलली. शेवंती आता बुधवारीच, पाकळ्या ओल्या आणि टवटवीत असताना, नायट्राइलचे मोजे घालून काढली जाते, आणि टेबल कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसले जाते. पापण्यांची सूज त्यानंतर आली नाही. बोटांवर अधूनमधून एखादा चट्टा उठतो, आणि तो उठला की बाई आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे जातात आणि बोटाने दोन चौकोन मागे मोजतात.

आपली,
वनस्पतीशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका